‘पावणेपाच मीटरच्या लाटा येणार’ म्हणे! – भरती, लाटा, गाज आणि मे-जूनचा अरबी समुद्र

सुपारीवाली | २८ मे २०२५, रात्री ९:१२

परवा सकाळी पुण्याहून नणंदेचा फोन. आवाज घाबरलेला. "अगं, टीव्हीवर दाखवतायत, पावणेपाच मीटरच्या लाटा उसळणारेत. पंधरा फूट! तुम्ही वरच्या आळीत जा बघू आधी." मी तेव्हा दिवेआगरला पडवीत बसून अर्धवट वाळलेल्या आमसुलांची परात चुलीच्या उबेला कशी लावावी या विवंचनेत होते. मे महिन्यात आठवडाभर ऊन नाही म्हणजे आमसुलं, साठं, सांडगे सगळ्याचा लगदा. त्यापुढे समुद्राची भीती मला खरंच सुचली नव्हती.

दर पावसाळ्यात हा गोंधळ होतो, म्हणून धागा काढतेय. तो आकडा लाटांचा नसतो. भरतीचा असतो. भरतीची उंची मोजायची तर शून्य कुठेतरी धरावा लागतो, आणि तो नकाशावाल्यांनी जवळपास सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीवर धरलाय. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच या शून्याच्या अडीच मीटर वर आहे. म्हणजे पावणेपाचची भरती ही नेहमीच्या सरासरी पाण्यापेक्षा सव्वादोन मीटर वर. तीही भिंतीसारखी अंगावर येत नाही, सहा तासांत हळूहळू चढते. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास वर्षभर अशी उधाणं येतच असतात, जानेवारीतसुद्धा. तेव्हा वाहिनीवाल्यांना आठवण होत नाही, कारण पाऊस नसतो.

भरतीची वेळ काढायला आमच्याकडे कुणी ॲप उघडत नाही. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. परवा चतुर्दशी होती, चौदाची पाऊणपट साडेदहा. तासभर इकडेतिकडे होतं, पण दाराशी सायकल लावून पुळणीवर जायला एवढं पुरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही.

लाटांचा आकडा वेगळा. तो हैदराबादची ‘इन्कॉइस’ देते, समुद्राचे अंदाज सांगणारी केंद्र सरकारची संस्था. ती सांगते ‘लाटांची उंची ३ ते ४ मीटर’, तेव्हा सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. एखादी लाट तिच्या जवळजवळ दुपटीला जाऊ शकते. हा आकडा खोल पाण्यातला. किनाऱ्याशी येईपर्यंत लाट तळाला घासून फुटते.

आणि तिसरी गोष्ट वारा. तो आकडा ही हवामान खात्याची बाब. मे-जूनमध्ये मच्छीमारांच्या इशाऱ्यात ठरलेलं वाक्य असतं, ‘ताशी ४५ ते ५५ किमी वेगाचे वारे, झोत ६५ पर्यंत’. नाखवा लोक फक्त हे वाक्य ऐकतात आणि रेडिओ बंद करतात.

आता ‘निसर्ग’ चक्रीवादळाबद्दल, कारण त्यानंतरच मी हे सगळं शिकले. ३ जून २०२०. आदल्या रात्री निर्जला एकादशीचा उपास सोडायच्या गप्पा चालल्या होत्या, म्हणजे वादळाच्या दिवशी द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. दुपारी वादळ जमिनीवर आलं तेव्हा ओहोटी लागलेली होती, हे आमचं नशीब. वारा आधी पूर्वेकडून, डोंगराकडून आला. सुपाऱ्या समुद्राच्या बाजूला वाकल्या आणि काडीसारख्या मोडल्या. मग मध्येच सगळं थांबलं. पानही हलेना. सासरे बाहेर जायला निघाले, शेजारच्या काकांनी उंबऱ्यातूनच ओरडून मागे बोलावलं. थोड्या वेळानं वारा पश्चिमेकडून आला, आणि पहिल्या फेरीत ज्या वाचल्या होत्या त्या उलट बाजूला पडल्या. संध्याकाळी वाडीत उभं राहिलं की थेट समुद्र दिसत होता. लग्न होऊन आले तेव्हापासून मला घरातून समुद्र कधी दिसला नव्हता.

तुमच्याकडचं सांगा. आणि कुणाला आमसुलं वाळवायचा उपाय माहीत असेल तर तोही.

---

मुलुंडचा_मी | ९:४०

म्हणजे मरीन ड्राइव्हवर दरवर्षी पंधरा फुटी लाट बघायला जाऊन मी नुसता भिजून परत येतो, ती फसवणूक होती तर!

पण मग २६ जुलैला भरतीचं एवढं का म्हणतात?

सुपारीवाली | ९:५२

@मुलुंडचा_मी, २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, कुलाब्याला फक्त ७३. भरती ४.४८ मीटरची, दुपारी तीनच्या आत. एवढी भरती एरवी कुणाच्या लक्षातही येत नाही. पण मुंबईचे नाले समुद्रात ज्या तोंडांनी उघडतात ती तोंडं भरतीच्या पातळीखाली जातात. पाणी बाहेर जायला वाटच नाही. म्हणून नंतर हाजी अली, इर्ला वगैरे ठिकाणी पंप बसवले, भरती असतानाही पाणी उपसून टाकायला. तेव्हा पालिका जी यादी देते, ‘या दिवशी साडेचारच्या वर भरती’, ती पावसासोबत वाचायची. लाटा बघायला जायचं वेळापत्रक म्हणून नाही.

---

तांडेल_उरणचा | १०:०५

वहिनी, बरोबर लिहिलंत. एक भर घालतो.

आमचं कॅलेंडर १ जूनला संपतं. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिकी होड्यांना बंदी. माशांचा विणीचा काळ, आणि तसाही त्या वाऱ्यात कोण जातो? पण खरा धंदा मेच्या शेवटच्या पंधरवड्यात होतो. कोळंबी, पापलेटला भाव असतो, लग्नसराई असते, चाकरमानी आलेले असतात. खलाशांचा हिशेब तेव्हाच चुकता करायचा असतो. आणि नेमकी वादळं याच पंधरवड्यात. यंदा २०-२१ तारखेपासूनच इशारे सुरू झाले. २४ ला तो कमी दाबाचा पट्टा दापोली आणि रत्नागिरीच्या मध्ये जमिनीवर चढला. आमच्या बोटी आधीच आत होत्या. बर्फ आणि डिझेल भरून ठेवलं होतं. बर्फ वितळला, डिझेलचं बिल राहिलं.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की आत यायचं, हे आजोबांपासून चालत आलंय. आता मोबाइलवर आधी कळतं. पण बावट्याची सवय जात नाही. सकाळी उठलं की मान आपोआप तिकडे वळते.

तांडेल_उरणचा | १०:११

राहिलंच. आता होड्या वर ओढून शाकारायचं काम चालू आहे. पूर्वी झाप लावायचे, आता निळं प्लास्टिक. ओल्या लाकडावर शाकारलं तर आतून कुजतं, म्हणून यंदा सगळेच उन्हाची वाट बघतायत. तुमच्या आमसुलांसारखंच.

---

वेंगुर्लेकर | १०:३०

आमच्या वेंगुर्ल्यात पाऊस मे म्हयन्यातच इलो. काजू रवले झाडार, होडये रवले पाण्यात. माजो काको म्हणता, यंदा दर्याक कॅलेंडर दाखवूक होया.

---

हवामानवेडा | ११:०२

मस्त धागा. थोडं ‘का’बद्दल.

वादळाला किमान साडेसव्वीस अंश तापमानाचं पाणी लागतं, आणि तेही वरवरचं नाही, खोलवर तापलेलं. एप्रिल-मेमध्ये केरळ-लक्षद्वीपच्या आसपास अरबी समुद्र २९ ते ३१ अंशांपर्यंत पोचतो. त्या वेळी जगातल्या सगळ्यात ऊबदार समुद्रांपैकी तो एक असतो. मग जुलैमध्ये वादळं का होत नाहीत? कारण मॉन्सून. खालून नैऋत्येचा जोरदार वारा, वरच्या थरात नेमका उलट, पूर्वेकडचा. वादळाचा खांब सरळ उभाच राहू शकत नाही, डोकं एकीकडे आणि पाय दुसरीकडे. शिवाय हे वारे सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी लोटून देतात, खालचं थंड पाणी वर येतं आणि समुद्राचा पश्चिम भाग चक्क गार होतो. आपल्याकडे उकाडा असतो तेव्हा तिकडच्या पाण्यात हुडहुडी.

म्हणून धोका दोनदा, मॉन्सूनच्या आधी आणि मॉन्सून गेल्यावर. निसर्ग, तौक्ते, बिपरजॉय पहिल्या फळीतले, फयान (११ नोव्हेंबर २००९) दुसऱ्या. अपवाद आहेतच. गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस गुजरातच्या जमिनीवरचा पट्टा उलटा समुद्रात उतरला आणि तिथे त्याचं ‘असना’ झालं. तेव्हा आम्ही हौशी मंडळी रात्रभर उपग्रहाची चित्रं बघत बसलो होतो, बायको म्हणाली क्रिकेटवाले परवडले.

नावं कधी मिळतात तेही सांगतो, कारण बातम्यांत दर कमी दाबाला ‘चक्रीवादळ’ म्हणून टाकतात. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किमी झाला की नाव. त्याखाली नुसता कमी दाबाचा तीव्र पट्टा. २४ मेचा रत्नागिरीजवळचा तसाच होता, म्हणून निनावी. ११८ च्या पुढे ‘अतितीव्र’, २२१ च्या पुढे ‘महाचक्रीवादळ’. नावांची आत्ताची यादी २०२० ची, १३ देशांची प्रत्येकी १३. तीतलं पहिलं नाव ‘निसर्ग’, बांगलादेशानं दिलेलं. ‘तौक्ते’ म्यानमारचं, अर्थ पाल!

---

शंकासुर | ११:२५

हे सगळं ठीक. पण दर वादळाला ‘हवामानबदल’ चिकटवायची फॅशन आलीय. २०२२ मध्ये अरबी समुद्रात नाव मिळालेलं एकही वादळ नव्हतं. गेल्या वर्षी मे-जूनमध्येही नाही, यंदाही अजून नाही. मग वाढ कुठेय?

आणि १८८२ मध्ये मुंबईत वादळानं एक लाख माणसं मेली होती म्हणे. तेव्हा कुठला हवामानबदल होता?

हवामानवेडा | ११:४८

@शंकासुर, १८८२ चं वादळ झालंच नाही. इंटरनेटवर वर्षानुवर्षं फिरणारी ती गोष्ट आहे. मुंबईत त्या काळी वेधशाळा होती, रोजची वर्तमानपत्रं होती. शहरात लाखभर माणसं गेली आणि कुणी ओळही लिहिली नाही असं होईल का?

दोन-तीन वर्षांवरून काही ठरत नाही, हे तुमचं मात्र मान्य. पण पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेनं २०२१ मध्ये जो अभ्यास छापला त्यात २००१ ते २०१९ या काळात आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत अरबी समुद्रातली वादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि बंगालच्या उपसागरातली ८ टक्क्यांनी घटलेली. मुळात अरबी समुद्रात वादळं कमीच, त्यामुळे टक्केवारी मोठी दिसते, हेही खरं. मला स्वतःला संख्येपेक्षा त्यांचं रेंगाळणं जास्त भीतीदायक वाटतं. बिपरजॉय ६ जून २०२३ ला नाव घेऊन जन्मलं आणि १५ ला कच्छमध्ये जखाऊ बंदराशी जमिनीवर गेलं. दहा दिवस! सगळा कोकण रोज सकाळी विचारत होता, वळलं का?

शंकासुर | ११:५५

१८८२ बद्दल मागे घेतो. शाळेच्या ग्रुपवर चार वेळा पुढे पाठवलं होतं, आता तिथेही लिहायला हवं.

---

जहाजी | २९ मे, सकाळी ७:२०

सध्या सुट्टीवर घरी, म्हणून उशिरा.

जहाजाच्या पोटावर लोड लाइनच्या, म्हणजे जहाज कुठवर बुडू द्यायचं त्याच्या खुणा असतात. त्यात ‘टी’ म्हणजे उष्णकटिबंध आणि तिच्या खाली ‘एस’ म्हणजे समर. टीपर्यंत बुडवलं तर जास्त माल भरता येतो. अरबी समुद्र उष्णकटिबंधात असूनही मॉन्सूनच्या काळात तिथे ‘टी’ चालत नाही, ‘एस’वर थांबावं लागतं. म्हणजे इथला समुद्र खवळतो हे आंतरराष्ट्रीय नियमातच लिहून ठेवलंय. भर जुलैत कमी माल भरून निघताना घरमालकाला भाडं कमी द्यावं तसं चार्टररचं, म्हणजे जहाज भाड्यानं घेणाऱ्याचं तोंड होतं.

एडनच्या आखातातून बाहेर पडलं की सोकोत्रा बेट ओलांडेपर्यंत जुलैत खरी मजा. वारा आणि लाटा नैऋत्येच्या, आपण पूर्वेला मुंबईकडे निघालेलो, म्हणजे लाट मागून तिरकी. जहाज नुसतं हलत नाही, स्क्रूसारखं पिळतं. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, भांडी बांधून ठेवतात, तरी डाळीचं पातेलं एकदा तरी भिंतीवर जातंच. त्या आठवड्यात कुकची सुट्टी मंजूर करू नये.

किनाऱ्याजवळ सगळ्यात वाईट म्हणजे इंजिन बंद पडणं. मॉन्सूनचा वारा तुम्हाला सरळ किनाऱ्याकडेच ढकलतो. तौक्तेमध्ये बार्ज पी-३०५ वर २६१ माणसं होती. बार्जला स्वतःचं इंजिन नसतंच, नांगर सुटल्यावर ती वारा नेईल तिकडे. नौदलाच्या लोकांनी त्या रात्री माणसं वाचवायला जे केलं ते ऐकून आमच्यातले जुने कॅप्टनही गप्प झाले. त्या दिवशी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किमी नोंदला होता. समुद्रात किती असेल.

आणि हे आत्ताचं, २५ मे. कोचीजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं. खलाशी २४, सगळे वाचले. ६४० कंटेनर. त्यातले काही किनाऱ्याला लागले आणि प्लास्टिकचे बारीक दाणे केरळच्या वाळूत पसरलेत. मॉन्सूनमध्ये ते वेचणार कसे, कारण रोज नवी भरती नवे दाणे आणते.

---

गोव्याची_सून | ८:०५

गाजेबद्दल कुणीच लिहिलं नाही? माझे आजोबा (हर्णै) रात्री अंगणात खाटेवर पडल्या पडल्या सांगायचे, आज गाज दक्षिणेकडून येतेय, चार दिवसांत पाऊस. वारा अजिबात नसायचा. आम्हाला वाटायचं थापा.

हवामानवेडा | ८:४१

@गोव्याची_सून, थापा नाहीत! हे मला फार आवडतं.

वाऱ्यानं जिथे लाटा उठतात तिथून त्या लांब पसरत जातात. जातानाच आखूड लाटा मरतात, लांब तेवढ्या उरतात. दोन लाटांमध्ये १५ सेकंदांचं अंतर असेल तर त्यांचा ताफा खोल पाण्यात ताशी साधारण ४२ किमीनं पुढे सरकतो. वादळ स्वतः बहुतेक वेळा ताशी १०-२० किमीनं रांगत असतं. म्हणजे लाट आधी, वारा नंतर. आजोबा वादळाची आगाऊ टपाल ऐकत होते.

केरळमध्ये याचीच मोठी आवृत्ती आहे. पार दक्षिण गोलार्धात, तिशीच्या अक्षांशाच्याही खाली, वादळं घोंघावतात. तिथून सुटलेल्या लाटा चार-पाच दिवसांनी केरळच्या किनाऱ्यावर चढतात. वर निरभ्र आकाश, वारा नाही, आणि पाणी घरात. तिथले मच्छीमार याला ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. शास्त्रज्ञांनीही तोच शब्द उचलला. गेल्या वर्षी ३१ मार्चला आलप्पुळा, कोल्लमकडे असं झालं होतं. इन्कॉइस आता याचा वेगळा इशारा देते. मे महिन्यात ऊन असताना ‘उंच लाटांचा इशारा’ आला की लोक हसतात, ते या कारणानं हसू नये.

तांडेल_उरणचा | ९:१०

अशी लांब लाट आली की जेटीला बांधलेल्या होड्या काही कारण नसताना एकमेकींना आपटायला लागतात. टायर लावले तरी दोरखंड तुटतात. वारा शून्य. नवीन पोरं म्हणतात भुतं आहेत.

---

मस्कतवासी | ९:३३

आमच्याकडची बाजू. जून २००७ चं गोनू. वाळवंटात वादळ येतं यावर इथे कुणाचा विश्वासच नव्हता, मी पण गॅलरीतले कपडे काढले आणि झोपलो. वाऱ्यापेक्षा पाणी भयंकर. कोरड्या वाद्या, म्हणजे नद्यांची सुकी पात्रं, ज्यात आम्ही शुक्रवारी गाड्या लावून बार्बेक्यू करायचो, त्या नद्या झाल्या. समुद्राचं पाणी गोडं करणारे कारखाने बंद पडले, आणि पावसात बुडालेल्या शहरात पुढचे काही दिवस प्यायला पाणी नाही. टँकरपुढे बादल्या घेऊन उभं राहताना शेजारी सांगलीचे एक काका होते. म्हणाले, दुष्काळाची रांग तिकडे बघितली होती, पुराची इथे बघतोय.

बाकी तुम्ही ज्या वाऱ्याला शिव्या देताय तोच जुलैत ओमानच्या दक्षिणेतल्या सलालाहला हिरवंगार करतो. खरीफ म्हणतात. झिमझिम पाऊस, धुकं, आणि अरब लोक त्या चिखलात मुद्दाम अनवाणी चालायला येतात.

---

नवखी | १०:१५

एक बावळट प्रश्न. ५ जूनला मालवणला जायचं बुकिंग आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडी मिळेल ना?

वेंगुर्लेकर | १०:१९

नाय गे बाय. मे सरताना होडी वाहतूक बंद, ती ऑगस्ट संपल्यारच. स्कूबा पण बंद. सोलकढी मात्र चालू आसता.

तांडेल_उरणचा | १०:२४

आणि पाण्यात उतरू नका. पावसाळ्यात पुळणीवर जिथे लाटा फुटत नाहीत, पाणी जरा शांत आणि गढूळ दिसतं, तिथेच आत ओढणारा प्रवाह असतो. पर्यटक नेमके तीच जागा ‘सेफ’ म्हणून निवडतात. ओढला गेलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहून दमू नका, किनाऱ्याला समांतर पोहून आधी ओढीच्या बाहेर या. जीवरक्षक दिसला तर आधी हात वर.

नवखी | १०:३०

बापरे. सोलकढीच पिते.

---

सुपारीवाली | सायं. ६:५०

सगळ्यांचे आभार. नणंदेला धाग्याची लिंक पाठवली. तिचं उत्तर: "बरं, पण सव्वादोन मीटर म्हणजेसुद्धा माझ्यापेक्षा उंच."

@तांडेल, आज दुपारी तासभर ऊन पडलं, तुम्ही शाकारलंत का?

तांडेल_उरणचा | ७:१५

एक होडी झाली. दुसरीचं प्लास्टिक अर्धं लावलं आणि परत आलाच. आमसुलं?

सुपारीवाली | ७:२०

परात घेऊन धावले. आता शेजारणीनं सांगितलंय, कोमट तव्यावर सुती फडकं टाकून ठेव. करून बघते, जमलं तर पाककृतींच्या विभागात टाकते. गाज मात्र आज दक्षिणेकडून आहे.